वटाव एकदाच द्या: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टसाठी रोख आणि कार्डांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीचे एक गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि ७१ वर्षांच्या आई असे तिघं स्वतःच आखलेल्या ११ दिवसांच्या सहलीला निघालेत. आधी प्राग, मग रेल्वेने व्हिएन्ना, शेवटी बुडापेस्ट. हॉटेलं आणि गाड्यांचे पैसे भरून झालेत, तिथल्या खर्चाला दोन-अडीच लाख धरलेत. मुलगा म्हणतो क्रेडिट कार्ड पुरे. मेव्हणे म्हणतात डॉलर न्या, डॉलर कुठंही चालतो. बँकेतून सल्ला मिळाला की सगळी रक्कम युरोच्या फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून न्यायच्या कार्डावर, भरा. आणि तिकडच्या एटीएममधून पैसे काढले तर नेमके किती कापतात, हे कुणी धड सांगत नाही.

मी एकवीस वर्षं पुण्यात परकीय चलनाच्या काउंटरवर बसले आणि आता छोट्या गटांबरोबर सहलींना जाते. म्हणजे आधी नोटा मोजून देत होते, आता त्याच नोटा लोक कशा घालवतात ते बघते. दुसरं काम जास्त शिकवून गेलं.

पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालायचे आणि एका मुलखातला रुपया दुसरीकडे चालवायचा तर सराफ बट्टा कापायचा, वटाव घ्यायचा. आजचा सराफ म्हणजे बँक, कार्ड कंपनी, एटीएमचा मालक आणि रस्त्यावरचं एक्स्चेंजचं दुकान. नावं बदलली, वटाव तोच. लोक एटीएमच्या दोन-चारशे रुपयांच्या शुल्काला घाबरतात आणि वटावात हजारो घालवून येतात, कारण शुल्क पावतीवर दिसतं आणि वटाव भावात लपलेला असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: तुमचा रुपया तिकडच्या काउंटरवर पोचेपर्यंत किती वेळा वटवला जाणार, आणि प्रत्येक वेळी भाव कोण ठरवणार?

तुमच्या सहलीत हा प्रश्न जास्तच बोचरा आहे, कारण तिन्ही देश युरोपीय संघात आणि शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, असले तरी युरो फक्त ऑस्ट्रियात चालतो. चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट. आपल्याकडची माणसं ‘युरोप म्हणजे युरो’ असं धरून चालतात आणि पहिली खोट तिथंच बसते.

पुढचे आकडे सोपे जावेत म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये, २५ कोरुना आणि ४०० फोरिंट असं ढोबळ धरते. खरे भाव निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. यातून डोक्यात ठेवायला एक सोपी युक्ती मिळते: कोरुनाला चारने गुणा, फोरिंटाला चारने भागा, आले रुपये. आईंनाही हे सांगून ठेवा. प्रागमध्ये कॉफीवर ९० लिहिलेलं दिसलं की स्वस्त वाटतं, ती ३६० रुपयांची असते. बुडापेस्टमध्ये सूपवर २४०० दिसलं की धडकी भरते, ते ६०० रुपयांचं असतं.

आता मेव्हण्यांचा डॉलर. रुपयाचे डॉलर इथं घेतलेत तर एक वटाव इथं दिलात. प्रागमध्ये त्याचे कोरुना केलेत, दुसरा दिलात. व्हिएन्नात त्याचे युरो केलेत, पुन्हा दुसरा. आफ्रिकेत, मध्य आशियात, आग्नेय आशियातल्या काही देशांत डॉलर जवळ असणं खरंच कामी येतं. मध्य युरोपात डॉलर म्हणजे निव्वळ ओझं. मेव्हण्यांचा राग नको म्हणून हवं तर एक वीसची नोट पाकिटात ठेवा.

बँकेचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असलेला सल्लाच जास्त महाग पडतो. युरोचं फॉरेक्स कार्ड व्हिएन्नात उत्तम. भाव आधीच ठरलेला, वर कुठला मार्कअप, म्हणजे भावावर चढवलेली टक्केवारी, नाही, युरो भरले युरो गेले. पण तेच कार्ड प्रागच्या दुकानात लावलंत की आतले युरो कोरुनात बदलावे लागतात. ह्याला क्रॉस करन्सी शुल्क म्हणतात आणि बऱ्याच कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं. आपल्याकडच्या बहुचलनी कार्डांत डॉलर, युरो, पौंड, येन, दिरहॅम वगैरे खाती मिळतात. कोरुना आणि फोरिंट सहसा नसतातच. म्हणजे रुपयाचे युरो करताना कार्ड देणाऱ्याने आपला फरक आधीच काढून घेतलेला, वर प्रागमध्ये हा दुसरा वटाव. ‘फॉरेक्स कार्डावर मार्कअप नाही’ हे वाक्य कार्डावरच्या चलनापुरतं खरं असतं. काउंटरवर बसून हे वाक्य मीही हजारदा म्हटलंय, आणि पुढचं अर्धं वाक्य कुणी विचारल्याशिवाय सांगितलेलं नाही. कबूल करते.

मुलाचं म्हणणं त्यामानाने बरोबर आहे, फक्त कुठलं क्रेडिट कार्ड ते त्याला विचारा. भारतातल्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाच्या व्यवहाराला बहुतेक साडेतीन टक्के मार्कअप असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. काही कार्डांवर मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे करासकट २.३६. आणि काही कार्डं शून्य मार्कअपची असतात. कार्डाच्या शुल्कपत्रकात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ अशी ओळ असते, ती शोधून वाचा. विमानतळावरच्या लाउंजपेक्षा ही ओळ जास्त मोलाची.

एक उदाहरण घेऊ. प्रागमध्ये तिघांचं जेवण, किल्ल्याची तिकिटं, थोडी काचेच्या मण्यांची खरेदी असं सगळं मिळून ५००० कोरुना झाले, म्हणजे २० हजार रुपये. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या त्या दिवसाच्या भावाने साधारण तेवढेच लागतील. त्यांचा भाव घाऊक बाजाराच्या भावाला बराच जवळ असतो. साध्या कार्डावर ८२६ रुपये वर. युरोच्या फॉरेक्स कार्डावर साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये वर, शिवाय युरो घेताना जो फरक इथं दिलात तो वेगळाच. आणि दुकानदाराच्या मशीनवर ‘रुपयांत भरा’ हे बटण दाबलंत तर हजार, दीड हजार, कधी त्याहून जास्त.

त्या बटणाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण मी पाहिलेल्या नुकसानींतली निम्मी तरी त्याच्यामुळे झालेली आहेत.

कार्ड लावलं की मशीनला कळतं, हे भारतातलं आहे. मग पडद्यावर दोन आकडे येतात: ५००० कोरुना, आणि शेजारी रुपयांतला एक आकडा. रुपये बघून माणसाला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडे जातं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. इथं भाव तुमची बँक ठरवत नाही, तिकडचा मशीनवाला ठरवतो आणि त्यात आपला वाटा घालतो. वर गंमत अशी की रुपयांत भरलं म्हणून इथला मार्कअप सुटलाच असं नाही. परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्या अनेक बँका वेगळं शुल्क लावतात. म्हणजे एकाच जेवणावर दोघांचा वटाव. नियम एकच, अपवाद नाही: ज्या गावात उभे आहात त्या गावचं चलन निवडा. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. रुपये नाहीत, डॉलर नाहीत, आणि तिथं युरोसुद्धा नाहीत.

हॉटेलात वेटर मशीन स्वतःच्या हातात धरून तुमच्या वतीने बटण दाबून टाकतो, हेही होतं. वाईट हेतूने असं नाही. त्याला तसं शिकवलेलं असतं. मशीन आपल्या हातात मागून घ्या. पावतीवर रुपयांचा आकडा छापून आला तर तिथंच थांबून व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एकदा तिथून निघालात की पुढे भांडण्यात अर्थ नसतो.

एटीएमवर हाच खेळ जरा नाटकी होतो. दोन वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवर आमच्या गटातले एक काका, आयुष्यभर वीज मंडळात इंजिनिअर होते, ‘मला जमतं’ म्हणून पुढे गेले. मशीन कुठल्या बँकेचं नव्हतं, भिंतीला टेकवून उभं केलेलं सुटं मशीन. पडद्यावर तयार रकमांची बटणं होती आणि सगळ्यात मोठं, मधोमध, १,५०,०००. काकांना शून्यांचा अंदाज आला नाही, पंधरा हजार समजून त्यांनी ते दाबलं. दीड लाख फोरिंट म्हणजे साडेसदतीस हजार रुपये. मग शुल्काची पाटी आली, ती मान्य केली. मग हिरव्या बटणावर ‘रूपांतर मान्य’ आणि खाली राखाडी, बारीक अक्षरात ‘रूपांतराशिवाय पुढे’. काकांना वाटलं, राखाडी दाबलं तर व्यवहारच रद्द होईल आणि कार्ड आत अडकेल. हिरवं दाबलं. नोटांची गड्डी हातात घेऊन परत आले तेव्हा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होता. रात्री मोबाइलवर बँकेचा संदेश वाचल्यावर उतरला. भावाच्या फरकातच दहा टक्क्यांच्या आसपास गेले होते, म्हणजे साडेतीन-चार हजार. शिवाय आमचे तिथले दोनच दिवस उरलेले. मग सगळ्या गटाने आपापल्या खर्चाचे फोरिंट काकांकडून घेतले आणि त्यांना युरो दिले. तो आमच्या सहलीतला सगळ्यात स्वस्त एक्स्चेंज.

तर एटीएमसमोर उभं राहिल्यावर क्रम असा ठेवा. मशीन शक्यतो बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं, आणि शाखा उघडी असताना. कार्ड आत राहिलं तर दार ठोठावता येतं. पर्यटकांच्या चौकात, स्मरणवस्तूंच्या दुकानाशेजारी उभी असलेली सुटी मशीनं टाळा. भाषा इंग्रजी घ्या. तयार रकमा सोडून ‘इतर रक्कम’ निवडा आणि स्वतः आकडा घाला, शून्यं मोजून. रूपांतराचा प्रश्न आला की नकार द्या. ‘डिक्लाइन’ हा शब्द दचकवणारा आहे, पण तो रूपांतराला नकार असतो, पैशांना नाही, नोटा येतातच. अगदीच एखाद्या मशीनने नाही दिल्या तर कार्ड परत घेऊन पुढच्या मशीनकडे चाला, शहरात मशीनांना तोटा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, कापतात किती. तीन जण कापू शकतात. एक, तुमची बँक: भारतीय डेबिट कार्डावर परदेशात रोख काढायला अनेक बँका दर वेळी १२५ ते १५० रुपये आणि त्यावर जीएसटी घेतात. दोन, तोच साडेतीन टक्क्यांचा मार्कअप, करासकट ४.१३. तीन, मशीनचा मालक, जो काही घेतो किंवा नाही घेत; घेत असेल तर पडद्यावर आधी सांगतो. समजा मालकाने ५ युरो घेतले आणि तुम्ही १०० युरो काढलेत. १२५ चे करासकट १४७.५०, मार्कअपचे ४१३, मालकाचे ५००. १० हजारांवर १०६० रुपये गेले, साडेदहा टक्के. असं तीनदा केलंत तर ३०० युरोंमागे सुमारे ३१८० रुपये. तेच ३०० युरो एका दमात काढलेत तर १४७.५०, १२३९ आणि ५००, मिळून १८८६. फक्त कमी वेळा गेल्यामुळे १३०० रुपये वाचले, आणि शुल्क न घेणारं बँकेचं मशीन शोधलंत तर आणखी ५००. म्हणून ‘लागतील तसे थोडे थोडे काढू’ ही आपली काटकसरीची सवय तिथं उलटी पडते. फॉरेक्स कार्डातून काढलेत तरी दर वेळचं ठरावीक शुल्क असतंच, तेव्हा तिथंही हेच.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. काढल्या क्षणाला अडीच टक्क्यांच्या घरात शुल्क, त्याला किमान रकमेची अट, वर मार्कअप, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू; बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोखीला नसते. आणि एटीएमवर नुसती शिल्लक बघायचेही अनेक बँका पैसे घेतात. शिल्लक ॲपवर बघा.

रोख इथून किती न्यावी? तिघांना ३०० ते ३५० युरो, बस. व्हिएन्नात कार्ड सर्रास चालतं, तरी ऑस्ट्रियन माणसाला रोखीचं प्रेम आहे. एखादं जुनं कॅफे, बाजारातला ठेला, चर्चमधली मेणबत्ती, स्वच्छतागृह इथं नाणी लागतात. आई बरोबर आहेत म्हणून मुद्दाम सांगते, पन्नास सेंटची नाणी वेगळ्या बटव्यात आईंजवळच ठेवा. तिघांची पाकिटं उलटीपालटी करत स्वच्छतागृहाच्या फाटकासमोर उभं राहण्यासारखी फजिती नाही.

नोटा घेताना ५, १०, २० आणि थोड्या ५० च्या मागा. काउंटरवाला शंभराच्या आणि दोनशेच्या पुढे सरकवेल, कारण त्याला त्या खपवायच्या असतात, नको म्हणा. दोनशेची नोट बघून तिकडची दुकानं तोंड वाकडं करतात. पाचशेची तर हातातही घेऊ नका. ती अजून कायद्याने वैध आहे, पण २०१९ पासून नव्याने काढणं बंद झालंय आणि ती दिली की समोरचा तुमच्याकडे संशयाने बघतो.

युरोंची खरेदी इथं शहरात करा, विमानतळावर नाही. दोन-तीन परवानाधारक दुकानांना फोन करून ‘युरोचा भाव काय’ असं विचारू नका, ‘३०० युरोंचे सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जाणार’ असं विचारा. भावात घालतात किंवा सेवाशुल्कात घालतात, एकूण आकडा मागितला की दोन्ही उघडं पडतं. मुरलेलं गिऱ्हाईक आम्हाला विचारायचं, ‘इंटरबँकवर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या भावावर, किती पैसे लावताय?’ त्याला आम्ही गुपचूप बरा भाव द्यायचो. जीएसटीची भीती बाळगू नका. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. ३० हजारांच्या युरोंवर ५४ रुपये. कराचे ५४ वाचवायला पावतीशिवाय घेणारे लोक भावात ६०० देऊन जातात. आणि पुढे परत विकायचे झाले, कुणी विचारलं, तर हातात कागद नाही.

नियमांचं थोडक्यात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन लागेल. एका वारीला बहुतेक देशांसाठी रोख परकीय नोटा ३००० डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळतात. तुमचा त्याच्याशी संबंध येणार नाही. ५० हजार किंवा त्याहून जास्त रुपये द्यायचे तर रोखीने नाही, खात्यातून. टीसीएसची, म्हणजे पैसे परदेशी नेताना आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, धास्ती घेऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून परदेशी नेलेल्या रकमेला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि ती मर्यादा दर माणसामागे, दर आर्थिक वर्षाची. अडीच लाखांत तुम्ही कुठंच नाही.

कोरुना आणि फोरिंट इथून नेऊ नका. पुण्या-मुंबईत मिळालेच तरी भाव असा देतात की देणाऱ्यालाच लाज वाटावी. त्या दोन गावांत रोख लागते तरी किती? प्रागच्या ट्रॅममध्ये तिकिटाचं यंत्र असतं, त्याला कार्ड टेकवलं की झालं. बुडापेस्टमध्येही बरंचसं कार्डावर भागतं. प्रत्येक गावी तिघांत मिळून पाच-सहा हजार रुपयांची स्थानिक रोख पुरते. ती डेबिट कार्डाने एकदा एटीएममधून काढा, किंवा जवळचे थोडे युरो तिथं वटवा. रक्कम एवढी लहान असली की टक्केवारीवर झोप उडवू नका.

वटवणार असाल तर प्रागमध्ये जरा जपून. जुन्या शहराच्या चौकाजवळ ‘शून्य कमिशन’ असं ठळक लिहिलेली दुकानं दिसतील. कमिशन शून्यच असतं, भाव मात्र असा की १०० युरोंचे २५०० मिळायच्या जागी दोन हजार किंवा त्याहून कमी मिळावेत. कधी फळ्यावर मोठ्या अक्षरात असतो तो त्यांचा विकण्याचा भाव; आपल्याला हवा खरेदीचा. पैसे खिडकीत सरकवण्याआधी कागदावर लिहून घ्या: १०० युरो दिले तर माझ्या हातात किती कोरुना? आणि एक गोष्ट तिथल्या कायद्याने तुमच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१९ पासून चेक प्रजासत्ताकात १००० युरोंपर्यंतचा असा व्यवहार ३ तासांच्या आत, पावती दाखवून, रद्द करता येतो. पावती फेकू नका. मागच्या खेपेला आमच्यातल्या एका ताईंनी हे खरंच केलं. खिडकीतल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, पण नोटा परत मोजून दिल्या.

रस्त्यावर कुणी येऊन ‘चांगला भाव देतो’ म्हणाला तर थांबूसुद्धा नका. हा प्रागचा जुना धंदा आहे. हातात पडतात त्या बल्गेरियाच्या जुन्या लेव किंवा दुसऱ्याच कुठल्या देशाच्या नोटा. नवख्या माणसाला अक्षरांवरून फरक कळत नाही. त्या सौद्याला ना पावती, ना ३ तास. आणि प्राग-बुडापेस्टची काही दुकानं युरो घेतात, तेही टाळा. भाव त्यांच्या मनाचा आणि सुटे परत मिळतात ते कोरुनात किंवा फोरिंटात.

अडीच लाखांची वाटणी मी असते तर अशी केली असती: ३०० युरो रोख; व्हिएन्नासाठी ५००-६०० युरो फॉरेक्स कार्डावर, कमी पडले तर तिथून ॲपवरून भरता येतात; प्राग आणि बुडापेस्टचा सगळा कार्डखर्च शून्य किंवा कमी मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर; आणि एटीएमसाठी एक डेबिट कार्ड, ज्याच्या खात्यात मोजकेच पैसे ठेवलेत असं. शून्य मार्कअपचं कार्ड हाती असेल तर फॉरेक्स कार्ड नाही घेतलंत तरी चालेल. घेतलंत तर भरपूर भरू नका. उरलेले युरो परत रुपये करताना कमी भाव मिळतो, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं तर त्यावरही शुल्क बसू शकतं.

हॉटेलात अनामत म्हणून कार्ड मागतील. तिथं क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स किंवा डेबिट नको. अडकवून ठेवलेली रक्कम सुटायला कधीकधी आठवडे जातात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते, डेबिटवर तुमचे खरे पैसे.

कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका हे सगळे सांगतात. त्याच्या पुढचं सांगते. तुमच्याकडे मुख्य कार्ड आणि पत्नींकडे त्याचंच ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, असेल तर ती दोन कार्डं नव्हेत. एकाचा नंबर चोरीला गेला म्हणून खातं गोठवलं की दुसरंही बंद पडण्याची शक्यता असते, मर्यादा तर एकच असते. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची, आणि एक व्हिसा एक मास्टरकार्ड अशी हवीत. नुसत्या रुपे कार्डावर विसंबून जाऊ नका, आणि आपलं यूपीआय या तीन गावांतल्या दुकानांत चालेल या आशेवर तर अजिबात नाही. बँकांचे तातडीचे नंबर कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. मोबाइलमधले नंबर मोबाइलबरोबरच चोरीला जातात.

निघण्यापूर्वी ॲपमध्ये जाऊन प्रत्येक कार्डाचा परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त भारतापुरती चालू असतात आणि परदेशातलं एटीएम, दुकान, ऑनलाइन, टेकवून भरणं यांची बटणं वेगवेगळी असतात. एक चालू करून दुसरं विसरलेली माणसं प्रागच्या विमानतळावर मला दर खेपेला भेटतात. मर्यादाही तिथंच ठरवा. क्रेडिट कार्डाचा पिन पाठ हवा. काही तिकिटयंत्रं सहीवर ऐकत नाहीत. आणि भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, ओटीपी त्याच्यावरच येणार.

बुडापेस्टमध्ये जेवणाच्या बिलात बहुतेक वेळा १२ ते १५ टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं. मग कार्डमशीनवर पुन्हा ‘टिप किती?’ असं विचारतात. बिल वाचा आणि दुसऱ्यांदा देऊ नका. तिथं संकोच करायचं कारण नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी उरलेले फोरिंट घेऊन एखाद्या सुपरमार्केटात जा. पापरिकाच्या, म्हणजे तिथल्या लाल मिरचीच्या, पुड्या घ्या, जेवढी नाणी-नोटा असतील तेवढी काउंटरवर ठेवा आणि ‘बाकी कार्डाने’ म्हणा. बहुतेक ठिकाणी ऐकतात. भारतात नाणी कुणी विकत घेत नाही, आणि फोरिंटाच्या नोटांना भाव असा मिळतो की पुड्याच बऱ्या. युरोच्या नोटा मात्र ठेवायला हरकत नाही, २००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या परकीय नोटा घरी ठेवायला परवानगी आहे. आणि घरी पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी कार्डांचा परदेशी वापर बंद करा. परदेशी संकेतस्थळं अनेकदा ओटीपी न मागताच पैसे कापतात.